लाल सांडतंय

तो थेंब मी बोटानं पुसला. बोर्डच्या कडेला, हीट सिंकपासून दोन बोटं अंतरावर होता. बिनरंगी, पाकासारखा दाट. बोट आणि अंगठा जुळवून पाहिला तर चिकटला. घरातल्या कुणी मशीनचं तेल सांडलं असेल असं वाटलं. फडक्याला बोट पुसलं, सोल्डरिंग आयर्न गरम व्हायला ठेवलं आणि कामाला लागलो.

२०१० ची दिवाळी तोंडावर आली होती. साताऱ्यात माझं दुरुस्तीचं दुकान होतं आणि या धंद्यात मला सव्वीस वर्षं झाली होती. १९८२ च्या एशियाडच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला, त्यानंतर दोन वर्षांनी मी एका रेडिओवाल्याच्या हाताखाली लागलो. व्हॉल्व्हचे रेडिओ केले, ब्लॅक अँड व्हाइट केले, रंगीत केले. सेटचा आवाज ऐकून कुठला भाग गेलाय ते सांगायचो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. त्या बरोबर निघण्याची मला सवय झाली होती.

हा सेट होता आबांचा. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याजवळच्याच एका गावात राहणारे. २००३ च्या वर्ल्ड कपच्या आधी मस्कतला असलेल्या मुलानं त्यांना ४३ इंची प्रोजेक्शन टीव्ही घेऊन दिला. कपाटाएवढा सेट, खाली चाकं, तरी सोप्यात चढवायला चार माणसं लागली. जोहान्सबर्गच्या त्या फायनलला ऑस्ट्रेलियानं ३५९ केल्या, तेव्हा सगळं गाव आबांच्या सोप्यात आणि अंगणात बसून हळहळलं होतं. पुढं सपाट टीव्ही आले, त्यांची चलती झाली, पण आबांनी हा सेट हलवला नाही. कारण काकी.

काकींना साखर होती आणि तिनं डोळ्यांचा पडदा खाल्ला होता. लेसर करून झालं होतं. छोट्या टीव्हीवर त्यांना माणसांच्या जागी नुसते डाग दिसायचे. या सेटसमोर पाट टाकून, पडद्यापासून दोन हातांवर त्या बसायच्या. तिथं माणसाचा चेहरा खऱ्या चेहऱ्याएवढा यायचा आणि तो त्यांना ओळखता यायचा. घरात लेकीसुनांचे चेहरेसुद्धा त्यांना तितके नीट दिसत नसत. हे मला पहिल्याच दिवशी आबांनी सांगितलं होतं, म्हणजे सेट किती महत्त्वाचा आहे ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

या सेटमध्ये एक मोठी पिक्चर ट्यूब नसते. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन छोट्या ट्यूब शेजारीशेजारी बसवलेल्या असतात, प्रत्येकीपुढं लेन्स असते, आणि तिन्हींचं चित्र मागच्या आरशावर आपटून पडद्यावर मागून पडतं. मधली ट्यूब सरळ बघते, कडेच्या दोन तिरक्या. तिरकं पडलेलं चित्र वाकडं होतं, म्हणून ते ओढूनताणून मधल्यावर नेमकं बसवावं लागतं. त्याला आम्ही कन्व्हर्जन्स म्हणतो. तीन रंग, प्रत्येकाची आडवी आणि उभी ओढ, अशा सहा वाटा झाल्या. त्या दोन आयसी सांभाळतात, एकेकाकडे तीन. एसटीके ३९२ या मालिकेतले हे अठरा पायांचे आयसी सेट चालू असेपर्यंत तापलेलेच असतात आणि जुन्या सेटमध्ये पहिले तेच जातात.

आबांच्या सेटलाही तेच झालं होतं. बातम्या देणाऱ्या बाईंच्या चेहऱ्याची लाल सावली धनुष्यासारखी वाकून वेगळी पडली होती. मी मागचं झाकण काढलं, मीटर लावला, एक आयसी शॉर्ट निघाला. पुण्याहून, पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून नवा आणलेला होता, तो बसवला. दुसरा आयसी चांगला दाखवत होता म्हणून तो तसाच ठेवला. दोघं एकाच दिवशी जन्मलेले, एकाच उष्णतेत सात वर्षं काढलेले. दुसऱ्यालाही आता फार दिवस नाहीत, हा विचार मी केला नाही. आयसीच्या भोवती दोन-चार ओहमचे छोटे रेझिस्टन्स असतात, आयसी जाताना त्यांतले काही सोबत घेऊन जातो. ते एकेक तपासायचे असतात. मी वरवर बघितले. जळकं काही दिसलं नाही.

मग पडद्यावर चौकटी आणून, रिमोटनं तासभर रेघा जुळवल्या. काकी पाटावर येऊन बसल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “सरळ झालं बघ. पर कडंला लाल सांडतंय.”

मी पडद्याकडे पाहिलं. उजव्या कडेला चंद्रकोरीसारखी पुसट लालसर रेघ होती. खरं सांगतो, मला ती दिसली. पण रेघा जुळवून हात अवघडले होते, शेवटची एसटी गाठायची होती. मी म्हणालो, “काकी, तुमच्या डोळ्यांमुळं तसं वाटतंय.”

काकी काही बोलल्या नाहीत. आबांनी १,८०० रुपये मोजून दिले.

सेट तीन आठवडे चालला. पुन्हा तीच लाल सावली, तोच आयसी. या वेळी मात्र मला धक्का बसला, कारण माझा माल पुन्हा जात नसे. आपलं काही चुकलं असेल यापेक्षा दुसऱ्या कुणाचं तरी चुकलं असेल हे मनाला लवकर पटतं. तेव्हा गावागावांत लोडशेडिंग जोरात होतं. लाइट येताना झटका देऊनच यायची. मी आबांना सांगितलं, व्होल्टेजनं आयसी मारला. त्यांना २,२०० रुपयांचा स्टॅबिलायझर घ्यायला लावला. मी स्वतः त्यांच्या घरचं व्होल्टेज एकदाही मोजलं नव्हतं. मीटर पिशवीत होता.

आता जे सांगतो ते सांगायला मला सगळ्यात जड जातं.

या आयसीला दोन सप्लाय येतात, एक प्लस आणि एक मायनस, आणि दोन्हींच्या वाटेवर एकेक बारीक फ्यूज असतो. रेझिस्टन्ससारखाच दिसतो, बोर्डवर सोल्डर केलेला. दोन्ही सप्लाय बरोबरीनं असले तर आयसी मधोमध तोल धरून राहतो. एक गेला की दुसरा त्याला आपल्या बाजूला खेचतो, कॉइलमधून नको तेवढा करंट जातो आणि आयसी जळतो. त्या दिवशी प्लसचा फ्यूज उडालेला होता. त्यानं त्याचं काम केलं होतं. माझ्याकडे तसला फ्यूज नव्हता. रविवार होता, साताऱ्यात दुकानं बंद, आणि तो फ्यूज पुण्याशिवाय मिळतही नसे. मी वायरीतली तांब्याची एक तार सोलली, तिचे दोन केस वेगळे काढले, पिळले आणि फ्यूजच्या जागी सोल्डर करून टाकले. आबा मागं उभे राहून बघत होते. “हे काय?” म्हणाले. मी म्हणालो, “तात्पुरतं आहे आबा. पुण्याला गेलो की बदलतो.”

पुण्याला मी त्यानंतर तीन वेळा गेलो. एकदाही फ्यूज आणला नाही. विसरलो असंही नाही. दर वेळी बाजारात उभा असताना आठवायचं, आणि सेट चालू आहे ना, मग कशाला, असं व्हायचं.

पण सेट काही चालू राहिला नाही. जानेवारी २०११ मध्ये तो परत बिघडला. १९ फेब्रुवारीला वर्ल्ड कप सुरू होणार होता, तो यंदा आपल्याकडेच होता, आणि गावातली पोरं आबांना विचारायला लागली होती. मी ठरवलं, आता दोन्ही आयसी बदलायचे, सगळे रेझिस्टन्स बदलायचे. पुण्याला दोन दुकानांत भाव विचारला तर जवळजवळ निम्म्याचा फरक. मी स्वस्तातले घेतले. दुकानदारानं फसवलं असं मी म्हणणार नाही, इतका स्वस्त खरा माल नसतो हे मला कळायला पाहिजे होतं. ते आयसी चौथ्या दिवशी गेले. घरी आणून त्यांतला एक मी पकडीनं फोडला. वरची छाप नखानं निघत होती. पाठीचा पत्रा पातळ होता. आतल्या चिपा जुन्या मूळ आयसीतल्या चिपांच्या निम्म्यासुद्धा नव्हत्या. मग महाग दुकानातून दोन आणले, त्याचे पैसे मी घातले. हीट सिंक साफ केलं, पेस्ट नीट लावली, पिना परत परत तपासल्या. दोनशे वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सेट उठवला. अगदी मनापासून काम केलं.

आणि हे सगळं करताना ती तांब्याची तार माझ्या डोळ्यांसमोर होती. बोर्ड हातात होता, पाच मिनिटांचं काम होतं. तिच्यापासून थोड्या अंतरावर, पहिल्या दिवशी थेंब होता त्या जागेच्या आसपास, तांब्यावर हिरवट पूड धरली होती. मी ब्रशनं ती झाडली. जुना सेट आहे, गंज येणारच.

जाताना काकी म्हणाल्या, “लाल अजून सांडतंय, बाळा. वाढलंय उलट.” मी हसून मान हलवली.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. सेट चालला आणि माझी छाती फुगली. ३० मार्चला मोहालीला पाकिस्तानबरोबर सेमीफायनल होती. आबांनी फोन करून बोलावलं, “तूच दुरुस्त केलायस, तू समोर बसून बघ.” दुपारी अडीचला मॅच सुरू झाली तेव्हा सोपा भरला होता. काकी सगळ्यांच्या पुढं, पाटावर. सचिन खेळत होता, त्याचे झेल सुटत होते आणि प्रत्येक सुटलेल्या झेलाला अंगणातून आरोळी उठत होती. तेवढ्यात पडद्यावरचं लाल चित्र एका बाजूला झुकलं, वर सरकलं, आणि सेटच्या खालच्या जाळीतून धूर यायला लागला.

काकींना तो धूर दिसला नाही. वास आला, तेव्हा त्या उठायच्या ऐवजी पुढं वाकल्या, काय जळतंय ते बघायला. मी दोन पोरांच्या अंगावरून उडी मारून प्लग ओढला आणि काकींना हाताला धरून मागं घेतलं. माझ्या हातात त्यांचा हात होता आणि माझा हात कापत होता. आग लागली नाही. बोर्डचा तळहाताएवढा भाग कोळसा झाला, एवढंच झालं. पण त्या कपाटात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या होत्या, मागच्या खिडकीला पडदा होता, आणि घरात जर त्या एकट्याच असत्या तर?

पोरं उठून दुसऱ्या घरी मॅच बघायला गेली. मी थांबलो. आबांनी बॅटरी धरली आणि मी झाकण काढलं.

मायनसच्या वाटेवरचा फ्यूज एका बाजूनं सुटला होता. त्याच्या पायाखालचं सोल्डर आणि तांबं त्या हिरव्या पुडीनं खाऊन टाकलं होतं. सेट तापला की तो पाय उचलला जायचा, मायनस तुटायचा आणि प्लस एकटा आयसीला खेचायचा. नोव्हेंबरपासून हेच चाललं होतं. प्लसचा फ्यूज उडून सेट वाचवत होता, त्याला मी काढून टाकलं होतं. केसाएवढी तार उडायला पाहिजे होती, पण मी दोन पदर पिळले होते. ते शाबूत होते. आजूबाजूचं सगळं जळून गेलं आणि माझं सोल्डर चकचकीत तसंच होतं.

मी बोर्डवर हात टेकला आणि बोटाला काहीतरी चिकटलं. बोट आणि अंगठा जुळवला. तोच चिकटपणा. बॅटरी वर फिरवायला सांगितली. लाल ट्यूबच्या बुडाशी, लेन्सला जोडणाऱ्या भांड्याच्या कडेला एक थेंब लोंबत होता. आमच्या डोळ्यांदेखत तो सुटला आणि बोर्डवर पडला.

या ट्यूबवर तीस हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि पुढची काच फार तापते. ती थंड राहावी म्हणून काच आणि लेन्सच्या मधल्या पोकळीत द्रव भरलेला असतो, एथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरिनचं मिश्रण. भोवती रबराची गॅस्केट असते. वर्षं गेली की रबर कडक होतं आणि द्रव झिरपतो. झिरपलेला द्रव धूळ धरतो, ओल ओढतो, तांबं खातो. आणि पोकळीतली पातळी खाली आली की लेन्सच्या एका बाजूला हवा राहते, तिथून प्रकाश वेगळा वळतो, आणि पडद्याच्या कडेला त्या रंगाची चंद्रकोर दिसते. लाल ट्यूब असेल तर लाल.

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पहिल्या दिवशी थेंब माझ्या बोटावर होता आणि चंद्रकोर माझ्या डोळ्यांसमोर. ज्या बाईला धड दिसत नव्हतं तिनं मला तीन महिन्यांत दोनदा बिघाड दाखवला, आणि मी तिला सांगितलं की दोष तुमच्या डोळ्यांत आहे.

मी आबांना तिथंच, झाकण उघडं असताना सगळं सांगितलं. थेंब, तार, पुण्याच्या फेऱ्या, न मोजलेलं व्होल्टेज. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, “खालची फरशी चिकट होते. ती रोज पुसते. दोन महिनं झालं आसंल.” जरा थांबून म्हणाले, “तू इचारलं न्हाईस.”

काकी आतून म्हणाल्या, “मला वाटलं, माझ्याच हातनं काय सांडतं.”

तो द्रव विषारी असतो. काकी तो रोज उघड्या हातानं पुसत होत्या. मी स्वतः नोव्हेंबरात तेच बोट फडक्याला पुसून त्यांच्या घरची चहा-बिस्किटं खाल्ली होती.

पुढचे दोन दिवस आणि दोन रात्री मी दुकान बंद ठेवून त्या बोर्डवर बसलो. जळालेला भाग कोरून काढला, वायरी टाकून वाटा जोडल्या. पण कोळसा झालेला बोर्ड स्वतःच करंट वाहतो. जितका कोरावा तितका काळा आत आत गेलेला. तसला बोर्ड कुठं मिळतो का ते पुण्यात विचारलं, मुंबईला लॅमिंग्टन रोडला ओळखीच्या माणसाला फोन केला. नाही मिळाला. नोव्हेंबरात वर मान करून पाहिलं असतं तर एक गॅस्केट, थोडा द्रव, बोर्ड धुणं आणि एक दिवसाचं काम होतं. आबांचे १,८००, स्टॅबिलायझरचे २,२०० आणि जानेवारीचे २,६०० असे ६,६०० रुपये मी दोन हप्त्यांत परत केले. आबांनी नको म्हटलं नाही. दोन्ही वेळा नोटा मोजून घेतल्या आणि डायरीत लिहिलं. त्याचं मला बरं वाटलं.

२ एप्रिलला फायनल होती. सकाळी मी माझ्या घरचा २१ इंची टीव्ही रिक्षात घालून आबांकडे नेला आणि प्रोजेक्शनच्या त्या रिकाम्या कपाटावर ठेवला. सोपा पुन्हा भरला. काकींनी पाट अगदी काचेपर्यंत ओढला, थोडा वेळ बघितलं, मग पाट मागं सरकवून भिंतीला टेकून बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. श्रीलंकेच्या २७४ झाल्या. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला, सचिन १८ वर गेला, तेव्हा सोप्यात कुणी बोलेना. काकी कॉमेंट्री ऐकायच्या आणि मधून मधून माझ्याकडे वळून विचारायच्या, “आता कोण हाय? कसा उभा हाय?” मी सांगत होतो. गंभीरच्या कपड्यांना किती माती लागलीय ते सांगितलं. धोनी बॅट कशी धरतो ते सांगितलं.

तो शेवटचा चेंडू उंच गेला आणि सगळे उठून उभे राहिले. मला पडदा दिसेना.

“कुठं गेला?” काकींनी विचारलं.

“लोकांत गेला, काकी. सिक्स.”

फटाके सुरू झाले. काकींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि टीव्हीच्या दिशेनं तोंड करून विचारलं, “ह्या टीव्हीत लाल नीट बसलाय का रं?”

मी उठलो. काचेजवळ जाऊन चारही कडा बघितल्या, नीट, एकेक करून, आणि मग येऊन त्यांना सांगितलं.